बिनक्लचच्या ट्रकला उतार शिकवताना

सोनई

आमच्या सोनईतून नगरला जाणारे पुष्कळ, पुण्याला जाणारे त्याहून जास्त. पण मुद्दाम ठरवून अकोले तालुक्यात गेलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. जिल्हा एकच, पण आम्ही पूर्वेकडचे, सपाटीचे. आमच्याकडं ऊस, कांदा, बाजरी, आणि नजर जाईल तिथपर्यंत आडवी जमीन. पश्चिमेला डोंगर आहेत, तिथं भात पिकतो, मोठं धरण आहे, एवढंच ठाऊक. भंडारदरा मीसुद्धा फक्त मोबाईलवर पाहिला होता. या हिवाळ्यात मी आणि माझा थोरला भाऊ प्रकाश, म्हणजे दादा, तिकडं जाऊन आलो. फिरायला नव्हे. ट्रकवर भाताची गिरणी बसवून, ती चालवायला गेलो होतो.

असला उद्योग सुचला कसा, ते आधी सांगते. पप्पांची सोनईत पिठाची गिरणी. ते गेल्यावर ती मी चालवते. हल्ली घरोघर घरघंटी आली आहे, त्यामुळं गिरणीसमोर डब्यांची रांग लागत नाही. दादा उसाचा ट्रक चालवायचा. एका हंगामात अपघात झाला आणि त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला. कृत्रिम पाऊल बसवल्यावर तो चालू लागला, पण त्या पावलाला क्लचचा अंदाज येईना. जन्मभर गाडीत बसलेला माणूस माझ्या गिरणीत खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसू लागला. वहिनी म्हणायची, "शीलाताई, यांना घरात ठिवनं म्हंजी इंजिन चालू ठिवून गाडी उभी केल्यागत हाय."

मग पुण्याकडच्या एका कंपनीनं आपल्या आवारातली वाहनं विकायला काढली. त्यात एक डिझेल ट्रक होता, ऑटोमॅटिक. त्याला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. उजवा पाय धड असला की झालं. डॉक्टरांची तपासणी, आरटीओची चाचणी, सगळं रीतसर करून दादानं लायसन पुन्हा मिळवलं आणि तो ट्रक घरी आणला.

त्याच सुमारास नगरच्या एका प्रदर्शनात मी मसाल्याची पिठं घेऊन बसले होते. शेजारच्या टेबलावर अकोले तालुक्यातल्या डोंगराळ वाडीची एक बाई बसली होती, हौसाबाई. बचत गटाचा तांदूळ विकत होती. वास असा की माझी गिऱ्हाइकं तिच्याकडं वळत होती. पण तांदूळ निम्मा तुटलेला. मी विचारलं तर म्हणाली, "आमचा भात चांगलाच हाय ताई. गिरनी लई लांब, आन् ती बी घाईघाईत भरडती. कनी झाली की तांदळाला कोन इचारतं?"

मी घरी येऊन दादाला सांगितलं. त्यानं बराच वेळ ट्रककडं पाहिलं आणि म्हणाला, "गिरनी तिकडं न्हेली तर?"

अशी आमची फिरती गिरणी तयार झाली. भात भरडायचं छोटं यंत्र, त्याला स्वतःचं लहान डिझेल इंजिन, खाली लोखंडी चौकट, वरून पत्र्याचं छप्पर. बनवणारी सगळी मंडळी ओळखीची, वेल्डिंगवाल्यापासून सुतारापर्यंत. निघताना वहिनीनं बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दादानं डोळे मिटून प्रार्थना केली, मी आमेन म्हटलं, आणि आम्ही निघालो.

राजूरच्या पुढं

राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर. हा रस्ता मी सांगत बसत नाही. तो आमच्यासारखाच आहे, सपाट आणि उसाचा. अकोले ओलांडलं तसा देश बदलू लागला. आधी दूरवर निळी रेघ दिसली, मग ती रेघ उभी राहिली, मग तिचे डोंगर झाले. विठा घाट आमचा ट्रक छान चढला. गिअर आपोआप खाली येत होते, इंजिन मन लावून ओढत होतं. दादा गुणगुणत होता. अपघातानंतर त्याला गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

राजूरला थांबून पेढे घेतले. तिथले पेढे आमच्याकडच्यापेक्षा खरपूस, दूध पुरतं आटवून केलेले. तेव्हा वाटलं, सगळं सोपं आहे.

राजूरच्या पुढं एक लांब उतार लागला. चढताना ज्या वजनाचं काही वाटलं नव्हतं, ते वजन आता मागून ढकलू लागलं. दादा ब्रेक दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. साध्या ट्रकमध्ये ड्रायव्हर उतारावर खालचा गिअर टाकतो आणि इंजिनच गाडीला आवरतं. आमच्या ट्रकमध्ये ॲक्सिलेटर सोडला की गाडी मोकळी सुटल्यासारखी पळायची. दादानं गिअरची दांडी खाली ओढली, थोडा फरक पडला, पण फार नाही. मग एक वास आला, जळक्या रबरासारखा. मी दादाकडं पाहिलं. ब्रेकवर त्याचा पाय पूर्ण दाबलेला, आणि गाडी पाहिजे तेवढी हळू होत नव्हती.

त्यानं ट्रक डोंगराच्या बाजूला घेतला आणि चाकं मऊ मातीत घातली. ट्रक खरडत, हिसके देत थांबला. पुढच्या चाकांतून धूर येत होता.

मागून येणाऱ्या जीपचा ड्रायव्हर धावत आला. मी पाण्याचा कॅन घेऊन उतरले होते. तो म्हणाला, "पानी टाकू नका ताई, ब्रेकचा ड्रम तडकंल. आपोआप निवू द्या." मग दादाला म्हणाला, "एक्झॉस्ट ब्रेक न्हाई का याला?"

"न्हाई," दादा म्हणाला. "ही गाडी जलमभर कंपनीच्या आवारात फिरली. तिला उतार कुठला माहीत?"

आम्ही कडेला दगडावर बसलो. दादानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मी म्हणाले, "दादा, घरी जाऊ. गिरणी उतरवू, ट्रक देऊन टाकू." वहिनीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

मी हौसाबाईला फोन केला. आज येत नाही, म्हणाले. काय झालं तेही सांगितलं. ती म्हणाली, "जीव हाय ना धड? मंग झालं. आमी भात वाळवून कनगीत घातलाय, त्यो काय पळून जात न्हाई. तुमी गाडी नीट करा आन् सावकाश या." येऊ नका, असं ती म्हणाली नाही. फोन मोठ्या आवाजावर होता, दादानं सगळं ऐकलं होतं. तो उठला, चाकाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "संगमनेरला इक्बालभाई हाय. त्याला इचारू."

ड्रम पूर्ण निवल्यावर, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, ठिकठिकाणी थांबत आम्ही आल्या वाटेनं मागं फिरलो आणि विठा घाट उतरलो. घाटात बैलगाडीसुद्धा आमच्या पुढं गेली असती.

संगमनेर

इक्बालभाई हा दादाचा उसाच्या दिवसांतला ओळखीचा मेकॅनिक. पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि कुठलाही आजार ऐकून घेताना मान एका बाजूला कलती. त्यानं ट्रकखाली वाकून पाहिलं, बाहेर आला आणि म्हणाला, "परकाश, साध्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक मी लई बसवलेत. ऑटोमॅटिकला एक बी न्हाई. करतो, पण ग्यारंटी देत न्हाई."

मला कळत नव्हतं म्हणून मी विचारलं. त्यानं हाताच्या मुठीतून फुंकर मारून दाखवली. "इंजिनचा धूर बाहेर जायची नळी असती. त्या नळीत झडप बसवायची. उतारावर झडप मिटली की धूर आत कोंडतो, इंजिन घुसमटतं, जड फिरतं. ते जड फिरलं की चाकांना मागं ओढतं. पायाचा ब्रेक थंड राहतो."

त्यानं झडप आणि ती मिटवायचं हवेचं सिलिंडर मागवलं. ट्रकला हवेचे ब्रेक होते, त्याच टाकीतून हवेची नळी घ्यायची होती. ती बसवेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग तो केबिनमध्ये चढला आणि जमिनीवर डाव्या बाजूला खूण करू लागला. "बटण इथं. समद्या गाड्यांना डाव्या पायाशीच असतं."

दादा खाली उभा होता. त्यानं आपल्या डाव्या बुटाकडं पाहिलं. इक्बालभाईच्या लक्षात आलं, आणि तो हातातला खडू तसाच धरून बसला.

"हाताशी दे," दादा शांतपणे म्हणाला. "स्टिअरिंगच्या बाजूला."

"तिथं तर अजून चांगलं," इक्बालभाई म्हणाला आणि खडूची खूण बोटानं पुसून टाकली.

पहिली चाचणी चंदनापुरी घाटात घेतली. गिरणी वर तशीच, पुढं आम्ही तिघं. उताराला लागल्यावर दादानं बटण दाबलं. इंजिनचा आवाज बदलला, घोंगड्यात तोंड खुपसून कुणी ओरडावं तसा झाला. आम्ही वाट पाहत राहिलो. ट्रकचा वेग कमी झाला नाही. आवाज मोठा, काम काही नाही. दादानं पायाच्या ब्रेकनं गाडी आवरली आणि वळून परत आणली.

इक्बालभाईनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "झडप बराबर मिटती. मी डोळ्यांनी बघितली. इंजिन घुसमटतंय. मंग चाकाला का कळंना?"

त्या दुपारी मी गॅरेजमधल्या बाकावर बसून चहा पीत होते आणि तो शब्द माझ्या डोक्यात फिरत होता: चाकाला कळत नाही. मग मला गिरणी आठवली. पट्टा सैल झाला की असंच होतं. मोटर फिरत राहते, जात्याला पत्ता नसतो. मी म्हणाले, "इक्बालभाई, इंजिन आणि चाकं यांच्या मधे काही सैल तर नाही ना? आमच्या पट्ट्यासारखं?"

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "पट्टा न्हाई ताई. ऑटोमॅटिकमधे तेल असतं. इंजिन तेल ढकलतं, तेल चाकं ढकलतं." मग स्वतःशीच बोलत राहिला. "पाय सोडला की ते सैल पडत आसनार. गिअर बी वरचा पडतो, त्याला वाटतं गाडी आरामात चाललीय. म्हंजी हे सैल पडू द्यायचं न्हाई. जखडून ठेवायचं." तो उठला. "पण त्या गिअरबॉक्सला स्वतःचा कॉम्प्युटर हाय. माझ्या पान्याचं ते ऐकनार न्हाई."

त्यानं नाशिकला फोन लावला. असल्या गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या एक मॅडम होत्या, त्या सोमवारी येते म्हणाल्या.

मधे रविवार आला. सकाळी आम्ही संगमनेरच्या चर्चमध्ये उपासनेला गेलो. अनोळखी गाव, पण गाणी तीच. परके आहोत असं वाटलं नाही. दुपारी इक्बालभाईनं घरी जेवायला नेलं. भाभींनी खिमा आणि ज्वारीची भाकरी केली होती. मी म्हटलं, मला वाटलं बिर्याणी असेल. भाभी हसल्या. "बिर्याणी पाहुण्यांना. भाकरी घरच्यांना." दादानं तीन भाकरी खाल्ल्या. जेवता जेवता त्यांनी मला विचारलं, भावाबरोबर एवढ्या लांब जाताना भीती नाही वाटत? मी खरं सांगितलं, वाटते. पण तो खुर्चीत बसून रस्त्याकडं बघायचा, ते मला जास्त भीतीचं वाटायचं.

सोमवारी कल्याणी मॅडम आल्या. तिशीच्या, पाठीवर लॅपटॉपची बॅग, पायात जाड बूट. त्यांनी डॅशबोर्डचा खालचा पत्रा काढायला सांगितला आणि हात आत घालून तारांचा जुडगा बाहेर ओढला. त्यातली एक तार कशालाच जोडलेली नव्हती. "ही बघा," त्या म्हणाल्या. "झडप मिटली आहे, हे गिअरबॉक्सला कळवायची सोय पहिल्यापासून होती. कुणी वापरलीच नाही."

ती तार त्यांनी झडपेच्या बटणाला जोडून घेतली, लॅपटॉप लावून गिअरबॉक्समधली सोय सुरू केली. आता झडप मिटली की गिअरबॉक्स इंजिनला चाकांशी जखडून ठेवणार आणि गिअर आपणहून खाली आणणार. ॲक्सिलेटरवर पाय पडला की झडप उघडणार, नाहीतर इंजिन बंद पडेल. मग त्यांनी धूर कोंडल्यावर आत किती दाब होतो ते मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "या इंजिनाला हा जास्त आहे. झडप फार घट्ट मिटते."

इक्बालभाई झडप काढून घेऊन गेला आणि तिच्या मधोमध लहानसं भोक पाडून आणलं. परत बसवून मोजलं. मॅडमनी मान डोलावली.

जाताना त्यांनी दादाला बजावलं. "काका, हा ब्रेक गाडी थांबवत नाही, फक्त आवरून धरतो. थांबवायला पायाचाच ब्रेक. रस्ता ओला, शेवाळलेला असेल तर झडप उघडी ठेवा, मागची चाकं घसरतील. आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या काट्यावर नजर ठेवा. तापलं तर थांबायचं, लाजायचं नाही."

चंदनापुरी घाटात परत गेलो. दादानं उताराच्या तोंडाशीच बटण दाबलं. तोच घोंगड्यातला आवाज. पण आता ट्रकनं एक खोल हुंकार दिला, गिअर खाली आला, आणि आम्ही सगळे किंचित पुढं झुकलो. भरल्या गाडीला मागून दोघांनी दोर लावून धरावं, तसा ट्रक आवरला गेला. दादाचा उजवा पाय ब्रेकच्या वर नुसता तरंगत होता. त्यानं तो पाय हळूच उचलला, बाजूला जमिनीवर ठेवला आणि आमच्याकडं पाहिलं.

इक्बालभाई खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आता बोल. ग्यारंटी घे."

वाडी

शेंडी गावाच्या पुढं धरणाचं पाणी रस्त्याच्या सोबतीनं चालतं. मधेच झाडांआड जातं, वळण संपलं की परत समोर. आमच्याकडं पाणी म्हणजे पाट, सरळ आणि वेळेला सुटणारं. इथं पाणी डोंगरांच्या पोटात शिरून बसलेलं. आकाशसुद्धा सलग नाही, डोंगरांनी कातरलेलं. आमच्या सपाटीत माणूस लांबून येताना दिसतो तेव्हा चहा ठेवला तरी चालतो. इथं माणूस एकदम समोर उभा राहतो.

हौसाबाईची वाडी रस्त्याच्या खाली. तिथं उतरायला एक अरुंद डांबरी उतार, अवघड वळणांचा, एका बाजूला खोल घळ. वर दादानं ट्रक थांबवला आणि बराच वेळ खाली पाहिलं. मग म्हणाला, "शीले, तू उतर. पायी ये."

"का?"

"मला एकट्याला बघू दे."

"मग ब्रेक कशाला बसवला?"

"ब्रेकवर भरवसा हाय. माज्यावर किती ठिवायचा, ते बघायचंय."

मी दार उघडलं नाही. "ते मी ठेवते," म्हणाले. "तू गाडी चालव."

त्यानं आणखी एकदा खाली पाहिलं. रस्ता कोरडा होता. बटण दाबलं. ट्रक हुंकारत उताराला लागला. पहिल्या वळणावर माझा हात दाराच्या कडीवर होता. गिरणीचं वजन मागून हललं, चौकट करकरली, पण वेग वाढला नाही. दादा वळणाआधी पायाचा ब्रेक हलकेच लावायचा आणि सोडून द्यायचा. तेलाचा काटा थोडा चढला, मधेच थांबला. दुसऱ्या वळणावर खालून बकऱ्यांचा कळप आला. दादानं ट्रक जागेवर उभा केला, बकऱ्या दोन्ही अंगांनी निघून गेल्या, गुराखी म्हणाला "रामराम", दादा म्हणाला "रामराम", आणि आम्ही परत निघालो. उतारावर थांबून परत निघणं ही केवढी गोष्ट आहे, हे त्या गुराख्याला सांगून कळलं नसतं.

खाली वाडीच्या बाया उभ्या होत्या. हौसाबाई पुढं आली. "आलात व्हय," एवढंच म्हणाली आणि तांब्यानं माझ्या पायांवर पाणी ओतलं. मग कोरा चहा आला, गुळाचा. आमच्याकडं बिनदुधाचा चहा दिला तर पाहुणा रुसेल. तिथं तोच मानाचा.

पहिल्या दिवशी फजिती झाली ती माझी. वाडीत सपाट जागाच नाही. ट्रक तिरका, म्हणून यंत्र तिरकं, म्हणून भात एका बाजूनंच पडायचा. बायांनी दगड रचून चाकांखाली घातले आणि ट्रक समतल केला. मग मी मोठ्या ऐटीत गिरणी सुरू केली, आणि तांदूळ तुटून आला. निम्मी कणी. जे टाळायला एवढा डोंगर चढून आलो, नेमकं तेच. हौसाबाईनं मूठभर कणी हातावर घेऊन उलटीपालटी केली.

मला पिठाची सवय. पीठ जितकं बारीक तितकं बरं. इथं दाणा सांभाळायचा होता. मी यंत्रातलं अंतर थोडं वाढवलं, थोडा भात घातला, बघितलं. परत वाढवलं. हौसाबाई म्हणाली, "ह्यो काळभात हाय ताई, मऊ असतो. थोडं ऊन दाखवून घालू का?" तिनं भात अंगणात पसरला, मी अंतर बदलत राहिले. ऊन कलायच्या आत तांदूळ अखंड यायला लागला. एक म्हातारी पुढं आली, एक एक दाणा उचलून बघू लागली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "साबूत हाय."

त्यानंतर आम्ही राहिलो ते दिवस कसे गेले कळलं नाही. शेजारच्या वाड्यांतून डोक्यावर पाट्या घेऊन माणसं येत. कोंडा वाऱ्यावर उडून सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, कोंबड्या तर ट्रकखालीच मुक्कामाला आल्या. दादा गिरणीचं इंजिन सांभाळायचा आणि पोती चढवू लागायचा. त्याच्या पायाबद्दल पहिल्या दिवशीच एकानं सरळ विचारलं, त्यानं सरळ सांगितलं, विषय संपला. सोनईत लोक विचारत नाहीत, नुसते बघतात.

जेवणात नागलीची भाकरी, खुरसणीची, म्हणजे कारळ्याची चटणी, भात आणि धरणातल्या बारीक माशांचं कालवण. नागलीची भाकरी मला आधी मातकट वाटली. दोन दिवसांनी बाजरीची आठवण यायची बंद झाली. आम्ही वहिनीचा ठेचा काढला तर सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हौसाबाई म्हणाली, "तुमच्याकडं पाऊस कमी, म्हनून तुमी असं रडून घेता का?" दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

आमच्याकडं वावर म्हणतात, तिथं खाचर. पायऱ्या पायऱ्यांची, डोंगराच्या अंगावर बेतून शिवलेली खाचरं. एवढ्याशा तुकड्यात काय पिकत असेल असं मला वाटायचं. पण जिरवेल तांदळाचा भात शिजत असताना शेजारच्या घरात बसून वास घेतला, आणि तो प्रश्न मी परत कुणाला विचारला नाही.

उतरताना

निघायच्या दिवशी गटाची तांदळाची पोती ट्रकमध्ये होती. संगमनेरच्या एका दुकानदारानं एसटीनं पाठवलेला नमुना पाहून अखंड तांदूळ घ्यायचं कबूल केलं होतं, म्हणून हौसाबाई आमच्याबरोबर निघाली. ती पहाटेपासून पोती शिवत होती, कुणाचं पोतं कुठलं ते सांगत होती. केबिनमध्ये ती माझ्या आणि खिडकीच्या मधे बसली, पदर डोक्यावरून घेतला, आणि राजूर येईपर्यंत दुकानदाराशी काय बोलायचं, याची माझ्याकडून तालीम करून घेतली.

"भाव त्यो सांगंल का मी सांगू?"

"तुम्ही आधी सांगा," मी म्हणाले. "तांदूळ तुमचा आहे."

"बरं. आन् त्यो कमी बोलला तर?"

"तर त्याला वास घ्यायला सांगा."

तिनं हे मनाशी दोनदा घोकलं. राजूरला दादानं वहिनीसाठी पेढे घेतले. मग विठा घाट आला. समोर संगमनेरकडचा सगळा सपाट मुलूख उन्हात पसरलेला. दादानं बटण दाबलं, ट्रकनं हुंकार दिला आणि स्वतःला आवरत उतरू लागला. वरच्या वळणावर मागून येणारी एसटी थोडा वेळ आमच्या मागं राहिली, मग दादानं हातानं वाट दाखवली, ती पुढं गेली. मी दादाशी बोलू लागले, नाताळाआधी आणखी एक फेरी जमेल का, जानेवारीत पलीकडच्या वाड्यांना जाता येईल का. तो एक एक गोष्ट ऐकून उत्तर देत होता. मधेच तो बोलता बोलता थांबला आणि त्यानं मानेनं माझ्या पलीकडं खूण केली.

हौसाबाई झोपली होती. डोकं माझ्या खांद्यावर टेकलेलं, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणे. वळणं येत होती, जात होती, तिचं डोकं खांद्यावरून हलत नव्हतं. दादानं आवाज खाली आणला. मग आम्ही दोघंही बोलायचे थांबलो. तो समोर बघून गाडी चालवत होता, पण त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. ज्याच्या ट्रकमध्ये घाटात माणूस झोपतो, त्या ड्रायव्हरचा होता तो चेहरा.

अकोल्याच्या अलीकडं कुणीतरी हॉर्न दिला आणि ती जागी झाली. पदर सावरला, बाहेर बघितलं. दोन्हीकडं ऊस उभा होता.

"घाट कवा यायचा?" तिनं विचारलं.

"गेला, हौसाबाई," दादा म्हणाला.

तिनं वळून मागच्या काचेतून बघायचा प्रयत्न केला, पण मागं पोतीच पोती. ती थोडी नाराज झाली. "मंग उठवायचं न्हाई का? मला वरून संगमनेर बघायचं हुतं."

"परत येताना बघू," दादा म्हणाला. "तवा सावकाश चढू."